तेली घाण्यात पाणी का शिंपडतो?

शनिशिंगणापूरला भर पावसात गेलेल्यांनी एक दृश्य पाहिले असेल. नेवासे तालुक्यातल्या या गावी शनिदेवाची शिळा चौथऱ्यावर उघड्यावर उभी आहे. तिच्यावर ना कळस, ना छत. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा तो काळा पाषाण पिढ्यान्‌पिढ्या तेलाने न्हातो आहे. त्यावर सर कोसळते तेव्हा पाणी दगडात मुरत नाही. त्याचे मणी होतात, मणी घरंगळतात, आणि सर ओसरली की शिळा पूर्वीइतकीच तुकतुकीत दिसते.

एप्रिल २०१६ मध्ये हे तेल कोणी ओतावे यावरचा वाद देशभर गाजला. चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. तो वाद योग्यच होता. मात्र त्या गदारोळात, आणि त्याआधीच्या कित्येक शतकांत, आणखी एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: हे तेल गाळले कोणी, आणि गाळणाऱ्याला काय ठाऊक होते?

आजचा धागा त्याविषयी आहे. तेल आणि पाणी का मिसळत नाहीत, हे शाळेत आपण एका ओळीत शिकतो आणि विसरतो. आपल्या गावोगावच्या तेल्यांचा सारा व्यवसाय मात्र त्या एका ओळीवर उभा होता. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम घाण्याकडे जाऊ. बैलाचा लाकडी घाणा आज बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. जमिनीत घट्ट रोवलेले लाकडाचे किंवा दगडाचे उखळ, त्यात तिरकी उभी राहणारी जड लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी, फळीवर वजनासाठी ठेवलेले दगड किंवा खुद्द तेली, आणि डोळ्यांना झापडे लावून गोल फिरणारा बैल. उखळात तीळ, करडई, जवस किंवा भुईमूग पडतो. लाट फिरू लागते, बी भरडले जाते, हळूहळू त्याचा ओलसर, चिकट भुगा होतो. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे.

यानंतर तेली जे करतो ते नवख्या माणसाला चक्रावून टाकते. तो भुग्यावर पाणी शिंपडतो. एकदम नव्हे, थोडे, मग लाटेचे काही फेरे, मग पुन्हा थोडे. तेल काढायचे आहे आणि त्यातच पाणी ओतायचे! भेसळच वाटावी. पण काही वेळात भुगा घट्ट होऊ लागतो, त्याची पेंड उखळाच्या कडेला थापली जाते आणि तेल मोकळे होऊन साचते. फ्रान्सिस बुकनन हा इंग्रज कंपनीचा डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर मुलखात हिंडला. १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने घाण्यांची वर्णने बारकाईने दिली आहेत, आणि तिळावर टप्प्याटप्प्याने पाणी घातल्याची नोंद त्याच्याही नजरेतून सुटलेली नाही. आपल्याकडच्या घाण्यांचा सर्वांत सविस्तर अभ्यास के. टी. अचया या तैलरसायनतज्ज्ञांनी केला. घाण्यावरचे त्यांचे पुस्तक १९९३ सालचे आहे. त्यांच्या विवेचनातही पाणी ही घाण्याच्या कामातली आवश्यक पायरी आहे.

हे घरीही करून पाहता येते. भाजलेले तीळ खलबत्त्यात इतके कुटावेत की त्यांचा मऊ गोळा व्हावा. बोटांना तेलकटपणा जाणवतो, पण तेल वेगळे निघत नाही. आता त्यात कोमट पाण्याचे काही थेंब घालून मळत राहावे. गोळा आखडतो, कडक होतो आणि त्याच्या अंगातून तेल पाझरू लागते. पाणी आत शिरले आणि तेल बाहेर पडले. चीनमध्ये तिळाचे तेल काढण्याची एक जुनी रीत आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘तेलाच्या जागी पाणी’ असा होतो. दोन देशांतले कारागीर एकाच युक्तीपर्यंत पोहोचले, कारण बी आणि पाणी दोन्हीकडे सारखेच वागते.

असे का व्हावे? प्रचलित उत्तर असे की तेल हलके असते म्हणून ते पाण्यावर तरंगते आणि मिसळत नाही. हे उत्तर अपुरे आहे. तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असते, म्हणून ते वर येते, एवढे खरे. पण मद्यार्क तर तेलाहूनही हलका, तरी तो पाण्यात सहज विरघळतो. हलके असणे आणि न मिसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलकेपणा फक्त ठरवतो की वेगळे झाल्यावर वर कोण बसेल.

दुसरे प्रचलित उत्तर असे की तेल आणि पाणी एकमेकांचा तिटकारा करतात. काव्याला हे शोभते, पण वस्तुस्थिती निराळी आहे. ती उलगडण्याचा एक धागा अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडे जातो. १७५७ साली इंग्लंडकडे जाताना त्याला दिसले की ताफ्यातल्या दोन जहाजांच्या मागचे पाणी विलक्षण शांत आहे. कप्तानाने सांगितले की आचाऱ्यांनी खरकटे, तेलकट पाणी बाहेर टाकले असेल. फ्रँकलिनच्या डोक्यात ते घर करून राहिले. पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्याने जेमतेम चमचाभर तेल ओतले. ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेले आणि तेवढे पाणी आरशासारखे झाले. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तान्त छापून आला.

आता आपण हिशेब करू. फ्रँकलिनने तो केला नव्हता. चमचाभर म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. भागाकार केला तर त्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या अडीच पट भरते. म्हणजे जवळपास एकेका रेणूचा थर. तेलाला पाण्याचा तिटकारा असता तर ते गोळा होऊन एका कोपऱ्यात बसले असते. ते असे अंग पसरून पाण्यावर निजले नसते. वनस्पतिजन्य तेलाच्या रेणूत ऑक्सिजन असलेला एक भाग असतो, त्याची पाण्याशी थोडी सलगी असते. उरलेल्या तीन लांब शेपट्या मात्र केवळ कार्बन आणि हायड्रोजनच्या. त्यांना पाण्यात धरायला काहीच नसते.

तिटकाऱ्याचा शोध घ्यायचा तर तो तेलात सापडत नाही. पाण्यात जे सापडते ते प्रेम आहे, आणि तेही स्वतःवरचे. पाण्याचा प्रत्येक रेणू भोवतालच्या चारपर्यंत रेणूंचे हात धरू शकतो. हे हात क्षणोक्षणी सुटतात, दुसरे धरले जातात. सेकंदाच्या एका अब्जांशापेक्षाही कितीतरी कमी वेळात हा खेळ चालतो. त्या गर्दीत तेलाची शेपटी आली की तिच्या भोवतालच्या रेणूंची अडचण होते. तिचा हात धरता येत नाही, म्हणून आपले हात फुकट जाऊ नयेत अशा बेताने त्यांना ठराविक रीतीने उभे राहावे लागते. त्यांचे मोकळे हिंडणे आखडते. तेलाचे शंभर रेणू सुटे राहिले तर शंभर ठिकाणी ही आखडलेली वर्तुळे पडतात. तेच एकत्र गोळा झाले तर पृष्ठभाग कमी होतो आणि पाण्याचे बहुतेक रेणू पुन्हा मोकळे होतात. निसर्गाचा कल या मोकळेपणाकडे असतो. त्यामुळे तेल पळून जात नाही, पाण्याकडून ते हद्दपार होते. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ साली प्रथिनांच्या संदर्भात हा विचार ठामपणे मांडला आणि चार्ल्स टॅनफर्ड यांनी १९७३ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे शास्त्राला ही गोष्ट नीट शब्दांत मांडायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

आता पुन्हा घाण्यापाशी येऊ. बियांत तेल साचून नसते. ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक थेंबांत, प्रथिनांच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले असते. लाट हे पापुद्रे फोडते. पण फुटलेले तेल लगेच वेगळे होत नाही. बियांच्या पिठाच्या कणाकणाला ते चिकटून राहते. त्या कणांतली प्रथिने आणि शर्करा मात्र पाण्याचे हात धरायला आतुर असतात. पाण्याचा शिडकावा झाला की ती तेलाला सोडून पाण्याला धरतात. बेघर झालेले तेलाचे थेंब एकमेकांत मिसळत मोठे होतात आणि पेंडीबाहेर येतात. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते, सालीसकट करडईत साधारण तीस टक्के. हे सारे बाहेर काढण्यात बैलाच्या बळाइतकाच तांब्यातल्या पाण्याचाही हात असतो.

आणि इथेच खरे कौशल्य लागते. पाणी कमी पडले तर भुगा भुरभुरीत राहतो, तेल सुटत नाही. जास्त झाले तर त्याचा लगदा होतो, तेल आणि पाणी घुसळून गढूळ पांढरट मिश्रण बनते आणि घाणा वाया जातो. बी किती वाळले आहे, हवा पावसाळी आहे की वैशाखातली, लाटेच्या घर्षणाने उखळ किती तापले आहे, यावर पाण्याचे माप बदलते. ते माप तेल्याच्या बोटांत असायचे. भुगा चिमटीत धरून दाबायचा आणि ठरवायचे.

हाच न्याय आपल्या परसात इतरत्रही दिसतो. एरंडेल काढताना बी भाजून, कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेले तेल पळीने काढून घेतात. लोणी निघाल्यावर ते थंड पाण्यात धुतात. ताकाचा अंश पाणी नेते, स्निग्धांश मागे राहतो. नगर जिल्हा आज दुधासाठी ओळखला जातो. दुधात तर स्निग्धांश आणि पाणी एकत्र नांदताना दिसतात, पण तेथेही स्निग्धांशाच्या प्रत्येक कणाला एक आवरण असते, आणि रवी ते आवरण मोडते इतकेच. ताक घुसळणारीला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

मग ज्याच्या हातात ही विद्या होती त्याला समाजाने काय दिले? येथे इतिहास दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शेजारच्या नाशिकची. पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, ती गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे. कुलरिकांकडे १,००० कार्षापण, ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, २,००० आणि तिलपिषकांकडेही काही रक्कम. तिलपिषक म्हणजे तीळ पिळणारे, आपले तेली. ठेव अक्षय राहावी आणि व्याजातून औषध मिळत राहावे, हा हेतू. आजच्या भाषेत तेल्यांची श्रेणी ही एक विश्वासार्ह पेढी होती. पाण्याचे यंत्र करणारे आणि तेल काढणारे एकाच दगडावर शेजारी कोरले गेले, हा योगायोग मला फार आवडतो.

दुसरी गोष्ट धर्मशास्त्राची. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, कोणाकडून दान घेऊ नये हे सांगताना, दहा खाटिकखान्यांच्या बरोबरीचा एक तेलघाणा असा हिशेब मांडला आहे. बी चिरडणे म्हणजे जीव चिरडणे, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. पुढे तो विचार रूढीत मुरला. घराबाहेर पडताना तेली आडवा गेला तर अपशकुन मानणारी माणसे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतही होती. देवापुढचा दिवा, बाळाची मालिश, नवरीची हळद, दिवाळीचे अभ्यंग, सारे त्याच्या तेलावर. आणि सकाळी त्याचे तोंड मात्र नको!

शनिमाहात्म्यात हा दुटप्पीपणा कथेतच उतरला आहे. साडेसातीत सापडलेल्या विक्रम राजाचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घरी घाणा हाकू लागतो. राजाच्या अधःपाताची ही परिसीमा, असे कथेला सुचवायचे आहे. पण त्या घाण्यावर बसूनच तो दीप राग गातो आणि नगरातले दिवे आपोआप उजळतात. घाणा ही शिक्षेची जागा खरी, पण प्रकाश निघाला तो तिथूनच. रचणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. पारायण करणाऱ्यांपैकी किती जणांनी या प्रसंगी तेल्याचे आभार मानले असतील, हाही प्रश्नच आहे. शंकाच नको तर त्या तेल्याने अपंग परक्याला आसरा दिला, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तेली समाजाने स्वतःची प्रतिष्ठा वेगळ्या वाटेने मिळवली. चाकणचे संताजी जगनाडे तेली होते, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. कोकणात तेल गाळणारे बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या वाराला देशावर शनीला तेल वाहण्यासाठी रांग लागते, त्याच वारी किनाऱ्यावर काही घाणे थांबलेले असत. नगर शहराच्या जुन्या बाजारपेठेत आजही तेलीखुंट हे नाव टिकून आहे, आणि १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये तेल्यांची नोंद आहे. जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या जोडीने करडईच्या ओळी असत. काटेरी करडई कडेला असली की गुरे पिकात शिरत नाहीत, असा त्यात दुहेरी हिशेब. ती करडई गावच्या घाण्यावर जाई आणि पेंड गुरांच्या दावणीला परत येई.

तेल तेव्हा स्वस्त वस्तू नव्हती, हेही लक्षात ठेवावे. याच जिल्ह्यातल्या शिर्डीची, पाण्यावर पेटलेल्या पणत्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात ती येते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहायचे ते इतकेच, की कथेची सुरुवात दुकानदारांनी तेल द्यायला नकार देण्यापासून होते. रोज मागून आणलेल्या तेलावर दिवे लागत, आणि ते नाकारले की अंधार पडे, असा तो काळ होता.

घाण्याचा शेवट कसा झाला, हे थोडक्यात सांगतो. आधी यंत्राचे घाणे आणि एक्स्पेलर आले, मग वनस्पती तूप. ‘डालडा’ हे नाव १९३० च्या दशकातले. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला, तेव्हा वर्ध्यात घाणा सुधारण्याचे गंभीर प्रयत्न झाले. ‘वर्धा घाणी’ हे त्याचे फळ. पण निर्णायक घाव घातला तो हेक्झेन वापरणाऱ्या कारखान्यांनी. त्यांची युक्ती तेल्याच्या बरोबर उलट आहे. तेली पाणी घालून तेलाला बाहेर ढकलत असे. कारखाना तेलासारखाच स्वभाव असलेला द्रव घालून त्याला बाहेर बोलावून घेतो, आणि मग तापवून हेक्झेन उडवून लावतो. पेंडीत एक टक्काही तेल उरत नाही. घाण्याच्या पेंडीत मात्र बरेच उरत असे, आणि गावची गुरे त्यावर पोसली जात. तोट्याचे कारण म्हणून जी गोष्ट मोजली गेली, ती गोठ्याच्या हिशेबात नफा होती.

आता शहरांतून लाकडी घाणा परतला आहे. बैलाच्या जागी मोटार, आणि तेलाचा भाव चढा. गिऱ्हाईक काचेतून डोकावते आणि विचारते, ‘पाणी तर घालत नाही ना?’ प्रश्न साहजिक आहे, कारण दुधाने आपल्याला तेच शिकवले आहे. घाण्यावरच्या माणसाला याचे उत्तर देणे जड जाते. पाणी घातले असेल तर ते बहुतांशी पेंडीबरोबर गेलेले असते. जो अंश तेलात उरतो तो काही दिवस तेल स्थिर ठेवले की गाळासह तळाशी बसतो, आणि वरचे तेल निवळून घेतात. तेवढी सवड दिली नाही तर ते लपत नाही. अशा तेलात वात भिजवून लावली की ज्योत तडतडते, आणि जुन्या बायका लगेच म्हणत, ‘तेल अजून निवळलेले नाही.’